मत नसलेल्या खुर्चीसाठी मतदान

पॅसिफिक महासागरातील ग्वाम या बेटावर ३ नोव्हेंबर २०२० रोजी, अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात आपल्या वतीने कोणी बसावे हे ठरवण्यासाठी मतदान झाले. रिंगणात तीन उमेदवार होते आणि त्यांपैकी एकालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत. कायद्याने तेवढी मते आवश्यक असल्यामुळे चौदा दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, पहिल्या दोघांमध्ये पुन्हा लढत झाली आणि विद्यमान प्रतिनिधी मायकेल सॅन निकोलस यांनी माजी प्रतिनिधी रॉबर्ट अंडरवुड यांचा पराभव केला. करोनाची साथ ऐन भरात असताना ग्वामच्या मतदारांना दोन आठवड्यांत दोनदा मतदान करावे लागले. हा सगळा खटाटोप ज्या जागेसाठी चालला होता, त्या जागेवर निवडून येणाऱ्या व्यक्तीला प्रतिनिधिगृहात एकाही विधेयकाच्या अंतिम मंजुरीच्या वेळी मत देता येत नाही.

अमेरिकेची संसद म्हणजे काँग्रेस आणि तिची दोन सभागृहे म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधिगृह. प्रतिनिधिगृहात मतदानाचा अधिकार असलेले ४३५ सदस्य असतात. त्यांच्या जोडीला आणखी सहा जण तिथे बसतात, बोलतात, विधेयके मांडतात आणि इतर सदस्यांइतकाच पगार घेतात. मात्र मतदान पुकारले गेले की ते बाजूला राहतात. वॉशिंग्टन डी.सी. ही राजधानी, कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको आणि यूएस व्हर्जिन आयलंड्स, तसेच पॅसिफिकमधील ग्वाम, अमेरिकन सामोआ आणि नॉर्दर्न मेरियाना बेटे या सहा प्रदेशांचे हे प्रतिनिधी असतात. पाच जणांना डेलिगेट म्हणतात, तर पोर्तो रिकोच्या प्रतिनिधीला रेसिडेंट कमिशनर असे भारदस्त नाव आहे. सिनेटमध्ये मात्र या प्रदेशांना कोणतेच स्थान नाही. २०२०च्या जनगणनेनुसार या सहा प्रदेशांत मिळून सुमारे ४३ लाख लोक राहतात आणि त्यांपैकी जवळपास ३३ लाख एकट्या पोर्तो रिकोत आहेत. प्रतिनिधिगृहातील एका सदस्यामागे सरासरी ७ लाख ६१ हजार लोक येतात. त्या हिशेबाने पोर्तो रिको राज्य असते, तर त्याला चार जागा मिळाल्या असत्या.

या व्यवस्थेचे कायदेशीर मूळ राज्यघटनेच्या एका वाक्यात आहे. प्रतिनिधिगृहाचे सदस्य राज्यांतील जनता निवडेल, असे घटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात म्हटले आहे, आणि वरील सहांपैकी एकही प्रदेश राज्य नाही. त्यामुळे त्यांच्या प्रतिनिधीला पूर्ण सदस्यत्व देणे साध्या कायद्याने शक्य नाही, असा अर्थ तिथे दीर्घकाळ लावला गेला आहे. मत न देणारा प्रतिनिधी ही तडजोड मात्र घटनेतील नाही; ती काँग्रेसने कायद्याने आणि सभागृहाने स्वतःच्या नियमांनी उभी केलेली आहे. हा फरक लक्षात ठेवणे महत्त्वाचे आहे, कारण जे नियमाने मिळते ते नियम बदलून काढूनही घेता येते, आणि तसे प्रत्यक्षात घडलेलेही आहे.

या तडजोडीची कल्पना घटनेहूनही थोडी जुनी आहे. १७८७ साली नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्स हा कायदा झाला आणि ओहायो नदीच्या वायव्येकडील नव्या मुलखाचा कारभार कसा चालावा, हे त्यात ठरवले गेले. एखाद्या प्रदेशात पुरेशी वस्ती झाली की तिथल्या विधिमंडळाने काँग्रेसमध्ये एक प्रतिनिधी पाठवावा, त्याला चर्चेचा अधिकार असावा, मतदानाचा नसावा, आणि वस्ती आणखी वाढली की तो प्रदेश जुन्या राज्यांच्या बरोबरीने राज्य म्हणून संघात यावा, अशी ती योजना होती. थोडक्यात, डेलिगेट ही वाट पाहणाऱ्यांची खुर्ची होती, आणि वाट कशाची पाहायची हेही तेव्हाच ठरलेले होते.

पहिला डेलिगेट सभागृहाच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा त्याला बसवायचे कुठे हाच प्रश्न पडला. पुढे टेनेसी राज्य झालेल्या नैर्ऋत्य प्रदेशाचे जेम्स व्हाइट १७९४ साली तेव्हाची राजधानी असलेल्या फिलाडेल्फियाला पोहोचले. १७८७चा कायदा झाला तेव्हा काँग्रेस एकसदनी होती आणि मधल्या काळात तिची दोन सभागृहे झाली होती. म्हणून व्हाइट यांनी प्रतिनिधिगृहात बसावे, सिनेटमध्ये बसावे की दोन्हीकडे, यावर गंभीर वाद झाला. त्यांनी शपथ घ्यावी की नाही हाही मुद्दा निघाला. ते मत देणार नाहीत, म्हणजे घटनेच्या अर्थाने ते सदस्य नाहीत, म्हणून शपथेची गरज नाही, अशी बाजू जेम्स मॅडिसन यांनी मांडली आणि ती मान्य झाली. व्हाइट अखेर प्रतिनिधिगृहात बसले. पुढचा प्रतिनिधी विल्यम हेन्री हॅरिसन हा १७९९ साली नॉर्थवेस्ट प्रदेशाच्या विधिमंडळाने दहाविरुद्ध अकरा अशा एका मताच्या फरकाने निवडला. हा सव्वीस वर्षांचा तरुण मत नसतानाही काय करू शकतो, हे लगेच दिसून आले. तोवर सरकारी जमीन किमान ६४० एकरांच्या तुकड्यांत विकली जात असे आणि ती सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर होती. हॅरिसन यांनी पाठपुरावा केलेल्या १८००च्या कायद्याने ही मर्यादा ३२० एकरांवर आली आणि हप्त्याने पैसे भरण्याची सोयही झाली. हेच हॅरिसन १८४१ साली राष्ट्राध्यक्ष झाले, आणि महिन्याभरात वारले.

पुढे डेलिगेट थेट जनतेने निवडण्याची पद्धत रूढ झाली आणि १८१७च्या कायद्याने दर दोन वर्षांनी निवड आणि आसन प्रतिनिधिगृहातच, हे पक्के झाले. निम्म्याहून अधिक अमेरिकी राज्ये या वाटेने गेलेली आहेत. मिशिगन प्रदेशाने १८२३ साली डेट्रॉइटचे कॅथलिक धर्मगुरू गॅब्रिएल रिशार यांना निवडून दिले आणि त्यांनी डेट्रॉइट ते शिकागो रस्त्यासाठी काँग्रेसकडून पैसा मिळवला. त्याच डेट्रॉइटच्या मतदारसंघातून २०२३पासून बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार प्रतिनिधिगृहात बसतात, ते पूर्ण मताधिकारासह, कारण मिशिगन १८३७ साली राज्य झाले. अलास्काचे डेलिगेट बॉब बार्टलेट यांनी तर १९४५पासून जवळजवळ दीड दशक राज्याच्या दर्जासाठी सहकाऱ्यांची मने वळवण्यात घालवले आणि १९५९ साली अलास्का राज्य होताच ते तिथले सिनेटर झाले.

वाट जिथे बंद झाली

१८९८च्या युद्धात स्पेनकडून पोर्तो रिको, ग्वाम आणि फिलिपिन्स अमेरिकेच्या हाती आले आणि जुनी योजना अडखळली. हे मुलूख दूरचे होते, तिथले लोक इंग्रजी बोलणारे गोरे वसाहतकार नव्हते, आणि त्यांना पुढेमागे राज्य करायचे आहे की नाही, याबद्दल वॉशिंग्टनमध्ये एकमत नव्हते. प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तो संत्र्यांच्या निमित्ताने. पोर्तो रिकोतील सान हुआनहून न्यूयॉर्क बंदरात आलेल्या संत्र्यांवर आयातशुल्क घेता येईल का, असा १९०१चा डाउन्स विरुद्ध बिडवेल हा खटला होता. पोर्तो रिको अमेरिकेच्या मालकीचा आहे, पण घटनेच्या सर्वच अर्थांनी अमेरिकेचा भाग नाही, असा निकाल न्यायालयाने दिला. ज्या प्रदेशांना राज्य होण्याचे आश्वासन नाही असा एक नवा वर्ग त्यातून तयार झाला, आणि आज प्रतिनिधिगृहात डेलिगेट पाठवणारी सगळी बेटे त्याच वर्गात मोडतात. मत नसलेल्या खुर्चीवरचा खरा आक्षेप माझ्या मते इथे आहे. राज्य होईपर्यंतची सोय म्हणून जी गोष्ट समजण्यासारखी होती, तीच गोष्ट शेवट नसलेली झाली की तिचे स्वरूप बदलते.

पोर्तो रिकोला १९००च्या कायद्याने रेसिडेंट कमिशनर मिळाला, तोही सुरुवातीला सभागृहाबाहेर उभा राहणारा वकील याच स्वरूपात. सभागृहात बसण्याची आणि बोलण्याची मुभा त्यानंतर काही वर्षांनी मिळाली. फिलिपिन्सलाही १९४६ साली स्वतंत्र होईपर्यंत असे कमिशनर होते. बाकीच्या बेटांना बराच काळ तेवढेही नव्हते. ग्वामने १९६५ साली अंतोनियो बोर्हा वोन पॅट यांना स्वतःच निवडून वॉशिंग्टनला पाठवले, पण तिथे त्यांना कोणतेही आसन नव्हते. कचेरी थाटायची आणि खासदारांच्या दारात जाऊन ग्वामची बाजू मांडायची, एवढेच त्यांच्या हाती होते. अखेर १९७२च्या कायद्याने ग्वाम आणि व्हर्जिन आयलंड्सना डेलिगेटपद मिळाले आणि वोन पॅट जानेवारी १९७३मध्ये प्रतिनिधिगृहात बसले. अमेरिकन सामोआसाठीचा कायदा १९७८ साली झाला, तर नॉर्दर्न मेरियानासाठीचा त्यानंतर तब्बल तीस वर्षांनी, २००८ साली.

निवडणूक कशी होते

डेलिगेटची मुदत दोन वर्षांची असते आणि निवडणूक इतर प्रतिनिधींबरोबरच, सम वर्षाच्या नोव्हेंबरमधील त्याच मंगळवारी होते. संपूर्ण प्रदेश हा एकच मतदारसंघ असतो. उमेदवाराचे वय किमान पंचवीस असावे लागते. पोर्तो रिकोची मुदत मात्र १९१७पासून चार वर्षांची आहे आणि प्रतिनिधिगृहात इतकी लांब मुदत असलेली ती एकमेव व्यक्ती असते. तिथे कमिशनरची निवडणूक गव्हर्नरच्या निवडणुकीबरोबर होते आणि पक्ष दोघांना जोडीने उभे करतात. पण मतदार दोघांना वेगवेगळी मते देऊ शकतात, आणि कधीकधी तसे देतातही. २००४ साली गव्हर्नर एका पक्षाचे आणि कमिशनर प्रतिस्पर्धी पक्षाचे, असा निकाल लागला. २०२४ साली पुन्हा तेच झाले. त्या बेटावर राज्याचा दर्जा हवा म्हणणारा एक मोठा पक्ष आहे आणि आजची स्वायत्त स्थिती जपू पाहणारा दुसरा, त्यामुळे गव्हर्नरचा पक्ष वॉशिंग्टनमध्ये एक मागणी करतो आणि कमिशनर तिच्या विरोधात बोलतो, असे चित्र तेव्हा उभे राहते.

बहुमताचा नियम सर्वत्र सारखा नाही, आणि या रूक्ष वाटणाऱ्या तपशिलात बरेच काही दडलेले आहे. ग्वामच्या कायद्यात निम्म्याहून अधिक मतांची अट आहे आणि ती पूर्ण न झाल्यास चौदाव्या दिवशी दुसरी फेरी घ्यावी लागते. अमेरिकन सामोआसाठीही १९७८च्या कायद्यात हीच अट होती. परंतु या बेटांवरील तरुण अमेरिकी लष्करात फार मोठ्या प्रमाणात भरती होतात आणि ते जगभरच्या तळांवर विखुरलेले असतात. पहिल्या फेरीचा निकाल जाहीर करायचा, दोन नावांची नवी मतपत्रिका छापायची, ती सामोआच्या राजधानीतून, पागो पागोहून, टपालाने सैनिकापर्यंत पोहोचवायची आणि त्याने भरलेली मतपत्रिका परत आणायची, हे सारे चौदा दिवसांत बसत नव्हते. दुसऱ्या फेरीतून सैनिकच वगळले जात होते. तेव्हा २००४ साली काँग्रेसने कायदा बदलला आणि ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून आला, असा साधा नियम तिथे आणला. ज्या सैनिकांना देशाच्या सरसेनापतीची, म्हणजे राष्ट्राध्यक्षाची, निवड करण्याचा अधिकार बेटाचे रहिवासी म्हणून नाही, त्यांचे निदान हे एक मत वाया जाऊ नये, एवढीच त्या बदलामागची धडपड होती. सामोआत जन्मलेले लोक अमेरिकेचे नागरिक नव्हे, तर ‘राष्ट्रीय’ या वेगळ्या वर्गात मोडतात. तरीही डेलिगेटच्या निवडणुकीत त्यांना मत देता येते आणि उभेही राहता येते.

साध्या नियमाची दुसरी बाजू नॉर्दर्न मेरियानात दिसली. तिथल्या २००८च्या पहिल्यावहिल्या निवडणुकीत नऊ उमेदवार उतरले आणि ग्रेगोरियो किलिली साब्लान हे अपक्ष उमेदवार जेमतेम पाव हिस्सा मते मिळवून विजयी झाले. मात्र पुढे तेच पुन्हा पुन्हा निवडून आले आणि जानेवारी २०२५पर्यंत त्या जागेवर राहिले, म्हणजे सुरुवातीच्या पाव हिश्श्याने बेटांचे काही नुकसान झाले असे म्हणता येणार नाही. प्रतिनिधिगृहात गेल्यावर अपक्षालाही कोणत्या तरी एका पक्षाच्या बाकांवर बसावे लागते, नाहीतर समित्यांत जागा मिळत नाही. साब्लान डेमोक्रॅटिक पक्षाबरोबर बसले. जानेवारी २०२५मध्ये सुरू झालेल्या सभागृहात या सहा प्रतिनिधींपैकी तीन डेमोक्रॅट आणि तीन रिपब्लिकन होते, त्यामुळे या प्रश्नाला एकाच पक्षाचा प्रश्न समजणे चुकीचे ठरेल.

सभागृहात काय करता येते

डेलिगेटला कार्यालय, कर्मचारी, भत्ते हे सारे इतर सदस्यांसारखेच मिळते. तो विधेयक मांडतो, दुरुस्ती सुचवतो आणि चर्चेत बोलतो. १९७०च्या दशकापासून समित्यांमध्ये त्याला पूर्ण मताधिकारही आहे, आणि हा अधिकार किरकोळ नाही, कारण अमेरिकेत विधेयकाचे भवितव्य बहुतेक वेळा समितीतच ठरते. सभापतीच्या निवडणुकीत मात्र त्याचे नाव पुकारले जात नाही. ३ जानेवारी २०२५ रोजी व्हर्जिन आयलंड्सच्या स्टेसी प्लास्केट यांनी उभे राहून हीच गोष्ट सभागृहाच्या नोंदीवर आणायचा प्रयत्न केला आणि बोलता बोलता त्यांचा ध्वनिक्षेपक बंद झाला. समितीत अडकलेले विधेयक बाहेर काढण्याच्या अर्जावर डेलिगेटला सही करता येत नाही, आणि गणपूर्ती मोजतानाही तो हिशेबात धरला जात नाही.

याच प्लास्केट यांच्या बाबतीत २०२१ साली एक विचित्र प्रसंग आला. १३ जानेवारी रोजी प्रतिनिधिगृहाने डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर दुसऱ्यांदा महाभियोग चालवण्याचा ठराव २३२ विरुद्ध १९७ मतांनी संमत केला; प्लास्केट यांना त्यात मत देता आले नाही. पण सिनेटपुढे आरोप सिद्ध करण्यासाठी प्रतिनिधिगृहाने जे नऊ जण नेमले, त्यांत त्या होत्या, आणि फेब्रुवारीत सिनेटच्या सभागृहात उभे राहून त्यांनी खटल्याचा एक भाग चालवला. असे काम करणाऱ्या त्या पहिल्याच डेलिगेट. ज्या सभागृहात त्यांच्या प्रदेशाला जागाच नाही, तिथे त्या साऱ्या देशाच्या वतीने बोलत होत्या.

मताधिकाराच्या बाबतीत सर्वांत गमतीदार नियम आहे तो संपूर्ण सदनाच्या समितीचा. विधेयकावरील दुरुस्त्यांचा विचार करताना प्रतिनिधिगृह स्वतःलाच एक समिती मानते, म्हणजे माणसे तीच आणि दालनही तेच, फक्त कामकाजाचे नियम सैल होतात. डेलिगेटला समित्यांमध्ये मत आहे, तर या समितीतही असावे, असा युक्तिवाद वॉशिंग्टन डी.सी.च्या एलेनॉर होम्स नॉर्टन यांनी केला आणि १९९३ साली डेमोक्रॅटिक बहुमताने तो स्वीकारला. मात्र त्याला एक पाचर मारून ठेवली. डेलिगेटांच्या मतांमुळे निकाल फिरला असेल, तर त्यांना वगळून लगेच पुन्हा मतदान घ्यायचे. अंगणातल्या खेळात धाकट्या भावंडाला लिंबूटिंबू म्हणून घेतात, त्यातलाच हा प्रकार होता: खेळायचे सगळ्यांबरोबर, पण बाद केलेला गडी मोजायचा नाही. रिपब्लिकन सदस्य त्याविरुद्ध न्यायालयात गेले. अपील न्यायालयाने १९९४ साली हा नियम वैध ठरवला, आणि त्याचे मुख्य कारण हेच की फेरमतदानाच्या तरतुदीमुळे या मतांना निर्णायक वजन उरत नव्हते. म्हणजे नियम टिकला तो त्यातून फारसे काही मिळत नव्हते म्हणून. १९९५ साली बहुमत पालटले आणि नियम गेला, २००७ साली परत आला, २०११ साली पुन्हा गेला आणि २०१९ साली पुन्हा आला.

एवढे असूनही या जागेसाठी चुरशीने निवडणुका लढवल्या जातात, त्यामागे व्यावहारिक कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात ग्वाम डिसेंबर १९४१ ते जुलै १९४४ या काळात जपानच्या ताब्यात होते आणि तिथल्या चामोरो लोकांनी सक्तमजुरी, छळछावण्या आणि हत्याकांडे सोसली. त्यांना भरपाई मिळावी, ही मागणी ग्वामचे डेलिगेट एकामागून एक काँग्रेसपुढे नेत राहिले. विधेयक कधी प्रतिनिधिगृहात संमत व्हायचे आणि सिनेटमध्ये अडकायचे, आणि सिनेटमध्ये ग्वामचे कोणीच नव्हते. ग्वामच्या डेलिगेट मॅडलिन बोर्डालो यांनी अखेर ही तरतूद संरक्षण खर्चाच्या मोठ्या विधेयकात घालण्यात यश मिळवले आणि डिसेंबर २०१६मध्ये तिचा कायदा झाला, तोवर युद्ध पाहिलेली बहुतेक माणसे हयात नव्हती. डेलिगेटच्या कामाचे खरे मोजमाप अशा ठिकाणी होते. त्याच्याकडे देवाणघेवाणीसाठी मत नसते; तुम्ही माझ्या विधेयकाला पाठिंबा द्या, मी तुमच्या विधेयकाला देईन, हा संसदेतला नेहमीचा व्यवहार त्याला करता येत नाही. मग समितीतील चिकाटी, ओळखी, आणि दुसऱ्याच्या गाडीला आपला डबा जोडण्याचे कसब, यांवर त्याला भागवावे लागते. मताधिकार असता तर ही भरपाई किती वर्षे आधी मिळाली असती, याचा अंदाज वाचकाने करावा.

राजधानीतील मतदार

वॉशिंग्टन डी.सी.चा प्रश्न बेटांहून वेगळा आहे. राजधानी कोणत्याही एका राज्याच्या ताब्यात असू नये, म्हणून घटनेने तिच्यासाठी स्वतंत्र जिल्हा ठेवला आणि त्यावर काँग्रेसचा अधिकार ठेवला. तिथल्या रहिवाशांचे काय, याचा विचार झाला नाही. १८७१ ते १८७५ या काळात शहराला एक डेलिगेट होता, तो काढून घेण्यात आला, आणि १९७०च्या कायद्याने तो जवळजवळ शंभर वर्षांनी परत मिळाला. १९७१ साली वॉल्टर फॉन्ट्रॉय निवडून आले आणि १९९१पासून ती जागा नॉर्टन यांच्याकडे आली. दरम्यान १९६१च्या घटनादुरुस्तीने इथल्या लोकांना राष्ट्राध्यक्ष निवडण्याचा हक्क मिळाला, जो बेटांना आजही नाही. शहराची वस्ती सुमारे ६ लाख ९० हजार, म्हणजे व्हरमाँट आणि वायोमिंग या दोन राज्यांपेक्षा जास्त आहे, आणि बेटांवरील बहुतेक रहिवाशांप्रमाणे स्थानिक उत्पन्नावरील केंद्रीय प्राप्तिकरातून इथल्या लोकांची सुटकाही होत नाही. वेस्टर्न अॅव्हेन्यू या रस्त्याच्या एका बाजूला मेरीलँड आहे आणि दुसऱ्या बाजूला डी.सी.; मेरीलँडच्या बाजूला राहणाऱ्या मराठी कुटुंबाने नागरिकत्व घेतल्यावर त्याला दोन सिनेटर आणि एक पूर्ण प्रतिनिधी मिळतो, तेच कुटुंब रस्ता ओलांडून पलीकडे राहायला गेले तर त्याच्या वाट्याला फक्त डेलिगेट येतो.

यातून मार्ग काढण्याचे प्रयत्न झाले. शहराला राज्यासारखे प्रतिनिधित्व देणारी घटनादुरुस्ती काँग्रेसने १९७८ साली मंजूर केली, पण आवश्यक अडतीस राज्यांपैकी सोळांनीच तिला मान्यता दिली आणि १९८५ साली मुदत संपली. २००९ साली आणखी एक तोडगा अगदी दारापर्यंत आला होता. डेमोक्रॅटिक डी.सी.ला एक पूर्ण जागा आणि तोल राखण्यासाठी रिपब्लिकन युटाला एक जादा जागा, अशी ती वाटणी होती. सिनेटने ते विधेयक ६१ विरुद्ध ३७ मतांनी मंजूर केले, परंतु जाता जाता त्यात शहराचे बंदूकविषयक कायदे रद्द करणारी दुरुस्ती घुसवली. मताच्या बदल्यात बंदुका, हा सौदा शहराला परवडणारा नव्हता आणि विधेयक तिथेच थांबले. त्यानंतर राज्याचा दर्जा देणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने २०२० आणि २०२१ साली संमत केले, सिनेटने ते पुढे नेले नाही.

भारतीय वाचकाला हे सारे चमत्कारिक वाटणे स्वाभाविक आहे, कारण आपल्याकडे केंद्रशासित प्रदेशांचे खासदार इतरांसारखेच मत देतात. दिल्लीला लोकसभेत सात जागा आहेत. २०११च्या जनगणनेत जेमतेम ६४ हजार वस्ती असलेल्या लक्षद्वीपला एक जागा आहे आणि त्या खासदाराचे मत अविश्वास ठरावात उत्तर प्रदेशच्या खासदाराच्या मताइतकेच मोजले जाते. लक्षद्वीपचा खासदार १९६७पर्यंत राष्ट्रपती नेमत असत, म्हणजे तिथे मत होते पण निवडणूक नव्हती. अमेरिकेत याच्या नेमके उलट आहे. सभागृहात बोलावे पण मत देऊ नये, अशी तरतूद आपल्या घटनेच्या ८८व्या अनुच्छेदात महान्यायवादींसाठी आहे, परंतु ते सरकारचे वकील असतात, कोणत्याही जनतेने निवडलेले नसतात. साम्राज्यांच्या काळातही सगळीकडे एकच रीत नव्हती. गोव्यातून १८२२ साली लिस्बनच्या संसदेवर बेर्नार्दो पेरेस द सिल्वा यांच्यासह तीन प्रतिनिधी निवडले गेले होते, तर ब्रिटिश हिंदुस्थानला वेस्टमिन्स्टरमध्ये एकही जागा नसल्यामुळे दादाभाई नौरोजींना १८९२ साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतील मतदारांकडून निवडून यावे लागले. मत न देणाऱ्या सदस्याची अमेरिकेसारखी व्यवस्था ऑस्ट्रेलियाने मात्र करून पाहिली. नॉर्दर्न टेरिटरीला १९२२ साली असा सदस्य मिळाला. त्याचा मताधिकार टप्प्याटप्प्याने वाढवत १९६८ साली पूर्ण करण्यात आला, आणि राजधानी कॅनबेराच्या प्रदेशाच्या सदस्याला तो १९६६ सालीच मिळाला होता. त्यासाठी त्या प्रदेशांना राज्य व्हावे लागले नाही.

अमेरिकेत सातव्या खुर्चीचाही एक दावा आहे आणि तो सर्वांत जुन्या कागदावर उभा आहे. चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांना मिसिसिपी नदीच्या पलीकडे हाकलण्याचा आधार ठरलेला न्यू एकोटाचा तह १८३५ साली झाला. त्यावर सही करणारे चेरोकी अल्पसंख्य होते, बहुसंख्यांचा त्याला विरोध होता, आणि पुढच्या सक्तीच्या स्थलांतरात हजारो माणसे वाटेत मेली. त्याच तहाच्या सातव्या कलमात चेरोकी राष्ट्राला प्रतिनिधिगृहात एक डेलिगेट ठेवण्याचा हक्क दिलेला आहे. २०१९ साली चेरोकी राष्ट्राचे प्रमुख चक हॉस्किन यांनी किम टीही यांची त्या पदासाठी नेमणूक केली आणि चेरोकी परिषदेने तिला मान्यता दिली. नोव्हेंबर २०२२मध्ये प्रतिनिधिगृहाच्या नियम समितीपुढे सुनावणी झाली, तेव्हा तिथे खल झाला तो असा: ओक्लाहोमा राज्यात राहणारे चेरोकी आधीच तिथल्या प्रतिनिधीसाठी मतदान करतात, मग त्यांना दुहेरी प्रतिनिधित्व मिळते का, परिषदेने मान्य केलेली, पण जनतेने थेट न निवडलेली व्यक्ती या सभागृहात बसू शकते का, इतर जमातींच्या तहांचे काय, आणि टीही यांना बसवायला सभागृहाचा साधा ठराव पुरे, की कायदाच करावा लागेल. मत देणार नसलेल्या एका सदस्यासाठी १७९४ सालीही असाच काथ्याकूट झाला होता, पण व्हाइट यांना तेव्हा आसन मिळाले होते. टीही यांच्या बाबतीत ते सभागृह जानेवारी २०२३मध्ये मतदान न घेताच विसर्जित झाले.